स्किझोफ्रेनिया: घरात सुरू होतो तेव्हा कसा दिसतो, आणि का होतो?

सुरंगी_वळेसार

नमस्कार मंडळी. आजवर नुसतीच वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

धाकट्या भावाबद्दल विचारायचंय. वय २३. हॉटेल मॅनेजमेंट करून गोव्यात एका रिसॉर्टला लागला होता, गणपतीला घरी आला तो परत गेलाच नाही. आधी वाटलं तिथे कुणाशी वाजलं असेल, मग वाटलं मुलीची भानगड, आई म्हणायची आळशी झालाय आणि बाबा तर घराबाहेर काढायची भाषा करायला लागले. अंघोळ नाही, दाढी नाही, मित्र आले तरी माडीवरून खाली यायचा नाही. शिमग्याला पालखी दारात आली आणि हा वरच बसून राहिला तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला, कारण हा दरवर्षी पालखी नाचवायला पुढे असणारा मुलगा. नंतर मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायला लागला, विचारलं तर म्हणे ते ऐकतात. ते कोण? तर वरच्या घरचे काका आणि त्यांचा मुंबईचा वकील. आता काकांशी आमचा सामायिक जमिनीवरून वाद खरोखरच चालू आहे, त्यामुळे आईला ते अर्धं पटलंसुद्धा!

तालुक्याच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. आत्याने कौल लावून घेतला, त्यात 'बाहेरचं' निघालं. शेवटी मी हट्टाने सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, रिस्पेरिडोन नावाची गोळी सुरू केली आणि म्हणाले स्किझोफ्रेनियाकडे झुकतंय पण एवढ्यात शिक्का मारत नाही. बाहेर रांग एवढी होती की माझे प्रश्न माझ्याकडेच राहिले.

तर हे का होतं? आमच्याकडे कुणाला नाही (आईची एक आत्या 'वेडसर' होती म्हणे, पण त्याबद्दल कुणी धड सांगत नाही). गोव्यात गांजा ओढत होता हे आत्ता कळलं, त्याने झालं का? बरं होतं का? आणि घरात त्याच्याशी बोलायचं कसं? गूगल करून जास्तच घाबरले म्हणून माणसांना विचारतेय.

खाडीपलीकडे

माझा मोठा भाऊ. आजार जुना आहे, आता पन्नाशी उलटलीय त्याची, दुकानात माझ्याबरोबर बसतो.

तुमच्या पोस्टमधली पालखीची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, मोबाईलची नाही. आपल्या गावात वेडा म्हणजे दगड मारणारा, कपडे फाडणारा, रात्री ओरडत फिरणारा. जो गप्प बसलाय त्याला कुणी आजारी म्हणत नाही, त्याला शिस्त लावायला निघतात. भावाचं पहिलं काय बिघडलं असेल तर वहीतला हिशेब. उधारीची वही तोच लिहायचा, अक्षर एकदम छान. मग ओळी अर्ध्यावर सोडायला लागला, एकाच गिऱ्हाईकाचं नाव चारचारदा. मग मे महिन्यात स्वेटर. नळ सुरू करून नुसता उभा राहायचा, बादली भरून वाहून जायची. आम्ही काय केलं? मुंबईला मामाकडे पाठवला, काम लागलं की अंग हलेल म्हणून. तिथे चाळीतल्या लोकांना त्याने सगळ्यांदेखत शिव्या दिल्या तेव्हा सगळे म्हणाले 'अचानक' बिघडला. अचानक काही नव्हतं हो, त्याआधीची दोन पावसाळ्यांची शांतता कुणी मोजलीच नाही.

आणि मग पण रत्नागिरीला न्यायला घरचे तयार नव्हते. कारण आमच्याकडे 'याला रत्नागिरीला धाडा' ही शिवी आहे. राज्यात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, पुणे ठाणे नागपूर आणि आपलं रत्नागिरी, म्हणजे सगळ्या कोकणाच्या वाट्याला एवढी जवळची सोय आहे आणि आपण तिचं नाव भांडणात वापरतो. तुम्ही पहिल्याच वर्षात डॉक्टर गाठलात, हे मोठं काम झालंय.

डॉ_भरतीओहोटी

मी मानसोपचारात आहे, कोकणातच. पेशंट न बघता निदान करणार नाही, जनरल लिहितो. राउंडच्या मधे टाइप करतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

लक्षणं ढोबळमानाने तीन प्रकारची धरा. एक, जे नसायला हवं ते येतं. भास, तेही बहुतेक कानाचे, कुणी नसताना माणसं बोलतात, कधी याच्याबद्दल आपापसात, कधी याला हुकूम सोडतात. आणि भ्रम, म्हणजे कितीही पुरावा दाखवा न हलणारी समजूत: पाळत ठेवलीय, जेवणात काहीतरी घातलंय, टीव्हीवरची बाई मलाच उद्देशून बोलतेय, माझ्या डोक्यातले विचार बाहेर ऐकू जातात. बोलण्याची संगती सुटणं पण यातच, सुटं सुटं वाक्य बरोबर असतं पण एकाचा दुसऱ्याशी पत्ता नसतो. दोन, जे असायला हवं ते जातं. इच्छा, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव, माणसांत मिसळणं, अंघोळ. वर खाडीपलीकडे यांनी जे लिहिलंय ते हे, आणि खूप वेळा हेच आधी येतं आणि गोळ्यांनी सगळ्यात कमी हटतं. तीन, लक्ष आणि कामाचा मेळ. वहीतला हिशेब तिथला. आणि एकाच माणसात दोन माणसं राहतात वगैरे जे सिनेमात बघता त्याचा या आजाराशी संबंध नाही.

आता काकांच्या वकिलाबद्दल, कारण तिथे बहुतेक घरं फसतात. भ्रमाचा माल नेहमी आसपासचाच असतो. पूर्वी करणी आणि चेटूक असायचं, मग रेडिओ आला, आता मोबाईल आणि कॅमेरे. कोकणात भावकी, बांध, सातबारा, सामायिक विहीर. वाद खरा असू शकतो आणि तरी मुलाला भ्रम असू शकतो. काका तुमच्याशी वाईट आहेत का हे आम्ही तपासत नाही. ते कळलं कसं, हे विचारतो. तुम्हाला नोटीस आली म्हणून कळलं. त्याला समोरच्या माडावर कावळा बसला त्यावरून कळलं, किंवा पंख्याच्या आवाजावरून. तुम्ही म्हणाल 'असेलही, नसेलही'. तो 'नसेलही' म्हणूच शकत नाही. हा फरक आईला समजावून सांगा, नाहीतर ती नकळत 'हो रे बाबा, तो काका तसलाच' म्हणत राहील आणि भ्रमाला घरातूनच खतपाणी मिळेल.

शिक्का मारला नाही हे डॉक्टरांनी योग्य केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत लक्षणं किमान महिनाभर हवीत, अमेरिकन व्याख्येत सुरुवातीची कुरकुर धरून सहा महिने. शिवाय रक्ताच्या रिपोर्टात किंवा एमआरआयमध्ये हा आजार दिसत नाही. थायरॉइड, बी-१२, फिट्स, नशा, मेंदूचा ताप असं दुसरं काही नाही ना, हे बघायला तपासण्या करतात. लॅबवाला स्किझोफ्रेनियाची टेस्ट म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

कारणांबद्दल रात्री लिहितो.

तर्कट

कौल!! २०२५ उलटलं तरी कौल! २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे राज्यात, त्या गुरवावर आणि आत्यावर तक्रार करा आधी, मग बाकीचं.

घाडीवाडो

तर्कट, जरा दमान. माज्या मावशेच्या झिलाचा असाच झाला होता. सगळे म्हणाक लागले भायरचा आसा, देवाक गाऱ्हाणा घातला, कोंबो दिलो, काय फरक नाय. शेवटाक आमच्या वाडयेतल्या घाड्यानच, देवाक गाऱ्हाणा घालता त्येनाच, सांगल्यान, 'ह्येका डाक्टराक दाखवा, माज्या हातातला ह्या न्हय.' त्येचा आयकान गेले, माजा कोण आयकणार होता? आता झील गोळये खाता, कलमांच्या बागेत फवारणेक जाता. गाऱ्हाणा घालूक कोणी आडवल्यान नाय, पण गोळी चुकली तर मावशी कोणाक सोडणा नाय.

तर्कट

अपवाद सांगू नका. तामिळनाडूत एरवाडीला काय झालं विसरलात? दर्ग्याच्या आसऱ्याला खासगी झोपड्यांमध्ये साखळीने बांधून ठेवलेली माणसं, ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली, २८ जणांचा जीव गेला, पळता आलं नाही कारण साखळ्या. श्रद्धेच्या नावावर उपचार लांबवले की शेवट तिकडेच.

डॉ_भरतीओहोटी

दोघांचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय. २०१३ च्या कायद्यात भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, चाबकाने काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं हे गुन्हे आहेत. देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणं हा गुन्हा नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. माझ्याकडे येणारं जवळपास प्रत्येक घर आधी कुठेतरी जाऊनच आलेलं असतं. मी त्यांना ओरडलो तर पुढच्या वेळी ते मला सांगायचं बंद करतात, देवाकडे जायचं बंद करत नाहीत. मग गोळी मधेच कुणी सोडायला लावली तर मला कळणारच नाही. त्यामुळे मी विचारतो, कौलाने काय सांगितलं? औषध बंद करायला नाही ना सांगितलं? नाही ना, मग चालू द्या.

आता कारणं. जगात साधारण ३०० माणसांत एकाला हा आजार आहे, एकूण सुमारे २ कोटी ४० लाख. मुलग्यांमध्ये बहुतेक १८ ते २५ च्या आसपास दिसायला लागतो, मुलींमध्ये थोडा उशिरा, आणि काही बायकांना चाळिशी उलटल्यावर. अनुवंश नक्की आहे पण सरळ हिशेब नाही. एकाच बीजापासून झालेल्या, हुबेहूब जुळ्या भावांची जनुकं सारखी, तरी एकाला आजार असेल तर दुसऱ्याला व्हायची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमीच. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला साधारण १०० त १०. म्हणजे उरलेल्या ९० ना होत नाही हेही लक्षात घ्या, लग्नाच्या बैठकीत कुणी ते सांगत नाही. आईच्या आत्यापर्यंत जाऊन हिशेब मांडू नका, पण पुढच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला.

जनुकांवर बाकीचं येऊन बसतं: गरोदरपणातल्या किंवा बाळंतपणातल्या अडचणी, लहानपणचे मोठे आघात, परक्या जागी एकट्याने राहणं, आणि गांजा. गांजा ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. पण ज्याच्यात बीज आहे त्याने कोवळ्या वयात, रोज आणि कडक माल ओढला तर आजार लवकर आणि जोरात येतो आणि सुटल्याशिवाय गोळ्या नीट लागू पडत नाहीत. त्याने सोडलाय का हे त्यालाच एकांतात विचारा, बाबांसमोर नको.

मेंदूत काय होतं? सगळं कळलेलं नाही. डोपामीन नावाचं एक रसायन आहे, 'हे महत्त्वाचं, इकडे बघ' अशी खूण करण्याचं काम त्याचं. आजारात मेंदूच्या एका भागात त्याची गडबड होते आणि जिथे तिथे खुणा पडत जातात. शेजाऱ्याचा खोकला महत्त्वाचा, गाडीचा नंबर महत्त्वाचा, पंख्याचा आवाज महत्त्वाचा. मग डोकं त्याचा अर्थ लावत बसतं आणि काका-वकील जुळतात. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमझिन हे औषध पहिल्यांदा या पेशंटना दिलं तेव्हा ते का चालतं हे कुणालाच माहीत नव्हतं, डोपामीनचं मागाहून लक्षात आलं.

आणि एक. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत आईच्या वागण्यामुळे हा आजार होतो अशी थिअरी निघाली होती. ती केव्हाच मोडीत गेली, तरी आपल्याकडच्या आया अजून ओपीडीत विचारतात 'माझं काय चुकलं?' तुमच्या आईला माझ्यातर्फे सांगा, काही नाही.

चाकरमानी_लोअरपरळ

डॉक्टर छान लिहिलंत. पण एक व्यावहारिक सांगू का? आमच्या गावात अशा दोन मुलांची लग्नं लावली, जबाबदारी आली तसे सरळ झाले. मुलगा शिकलेला आहे, साधीशी मुलगी बघा. नाहीच जमलं तर कर्जतला ती संस्था आहे तिथे ठेवता येईल.

खाडीपलीकडे

लग्न हा सल्ला आम्हालाही रेशन दुकानदारापासून भटजीपर्यंत सगळ्यांनी दिला. साहेब, त्या मुलीचं काय? लपवून लावलेलं लग्न कोर्टात रद्द होऊ शकतं ते वेगळंच, पण लग्नाचा गोंगाट, जागरणं, नवीन माणसं, आणि 'मुलीकडच्यांना कळेल' म्हणून लपवलेल्या गोळ्या, यात आजार उलटायला अजून काय लागतं? ज्याचा आजार ताब्यात आहे आणि ज्याने समोरच्याला सगळं सांगितलंय त्याने खुशाल करावं लग्न, करतातही. औषध म्हणून नको.

आणि कर्जतची 'श्रद्धा' ही संस्था, डॉ. भरत वटवानींची, ती रस्त्यावर भटकणाऱ्या बेवारस मनोरुग्णांना उचलून बरं करून घरी पोचवते. २०१८ चं मॅगसेसे त्यासाठीच मिळालं त्यांना. घर असलेल्या मुलाला नेऊन ठेवायची ती जागा नाही.

आगळ_अर्धालिटर

मी मेडिकलवाला, तालुक्याच्या ठिकाणी. डोस वगैरे लिहीत नाही (लिहिलं की संपादक उडवतात, बरोबर आहे). काउंटरवरून दिसतं ते सांगतो.

लोक अर्धी पट्टी मागायला लागले की मला कळतं, आता बरं वाटतंय म्हणून गोळी कमी करतायत. गणपती, शिमगा आणि आंब्याचा सीझन, या तीन वेळेला हे हमखास. घरात माणसं, सगळ्यांना वाटतं हा आता चांगला हसतोय बोलतोय, झोपाळतो कशाला, राहूदे गोळी. पहिले काही आठवडे काही होतही नाही, म्हणून जास्तच पटतं. आणि मग पावसाळ्यात रात्री अकराला फोन.

दुसरं, विडी. ओलान्झापिन आणि क्लोझापिन या दोन गोळ्यांवर विडी-सिगरेटच्या धुराचा परिणाम होतो, धूर गोळीला शरीरातून लवकर बाहेर काढतो. जोरात ओढणाऱ्याला गोळी कमी पडते, आणि दवाखान्यात ॲडमिट होऊन विडी एकदम बंद झाली की तीच गोळी जास्त होते. मिश्री, गुटख्याने हे होत नाही, धुराने होतं. तुमच्या भावाची गोळी वेगळी आहे पण पुढे बदलली तर डॉक्टरांना विडीचं सांगा, कुणीही आपणहून सांगत नाही.

तिसरं, रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर हात थरथरणं, चाल आखडणं, किंवा एका जागी बसवतच नाही अशी पायांची तगमग. घरच्यांना वाटतं आजार वाढला. ते बरेचदा गोळीचं असतं आणि त्याला उपाय असतात, गोळी बंद करून टाकायची नाही, डॉक्टरांना लवकर गाठायचं. वजन आणि साखर वाढते ती बघत राहायची. क्लोरप्रोमझिनवाल्याने दुपारी होडीवर उघड्या अंगाने काम करू नये, कातडी भाजते. आमच्याकडचा एक जण जाळी विणायला घरी बसतो त्यामुळे, समुद्रावर जात नाही.

संपादक

औषधांचे डोस आणि डॉक्टरांची वैयक्तिक नावं-नंबर धाग्यात टाकू नयेत. दोन प्रतिसाद काढले आहेत.

नाव_नको

हा आयडी आजच काढला. मला हा आजार आहे. लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी करतो, शिफ्टची.

मला दोन पुरुष ऐकू येतात. ओळखीचे नाहीत. ते माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात. 'उठला. आता चहा ओतेल. बघ, सांडला.' आवाज कानातून येतो, डोक्यातून नाही, तुम्हाला बायको स्वयंपाकघरातून हाक मारते ती जशी बाहेरून येते अगदी तसाच. म्हणून 'ते खरं नाहीये रे' असं कुणी म्हटलं की मला समोरचा माणूसच खोटा वाटायचा, कारण मी तर ऐकतोय ना. पत्र्यावर पाऊस पडायला लागला की ते वाढतात. मिक्सर, नळाचं पाणी, एसटीचं इंजिन, कुठलाही एकसुरी आवाज असला की त्यातून बोलायला लागतात. जून ते सप्टेंबर मला जड जातो, आणि आपल्याकडे पाऊस किती ते सांगायला नको. मी इअरफोन लावतो एका कानाला, किंवा स्वतःशी गुणगुणतो. लोकांना वाटतं खुशीत आहे.

गोळीने ते गेले नाहीत, लांब गेले. आता शेजारच्या घरात बोलतायत असं वाटतं, शब्द कळत नाहीत, आणि कळले तरी मी चहा ओततो. माझ्या दोन गोळ्या चालल्या नाहीत तेव्हा क्लोझापिन दिली, त्याला सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून. रात्री उशी लाळेने भिजते, त्याचं कुणी आधी सांगितलं नव्हतं, मला वाटलं अजून एक काहीतरी झालं. वजन वाढलंय. पहिली पाळी जमत नाही, सुपरवायझरला शुगर आहे म्हणून सांगितलंय. शुगर म्हटलं की लोक डबा विचारतात, हे सांगितलं तर काय विचारतील माहीत आहे.

सुरंगीताई, घरात कसं बोलायचं विचारलंत. हो म्हणू नका, नाही म्हणू नका. माझी वहिनी विचारायची, 'भीती वाटते का? झोप लागली का?' एवढंच. भीती तर खरी होती, तिच्याबद्दल बोलता यायचं. बाकीचे मला वकिलासारखे प्रश्न विचारायचे आणि मी जिंकायचो, कारण त्या विषयात माझा अभ्यास जास्त होता :) जेवायला चारचौघांत बसायची सक्ती करू नका. आणि त्याच्यासमोर त्याच्याबद्दल हळू आवाजात फोनवर बोलू नका, मोठ्याने बोला किंवा बोलूच नका. आधीच दोघं बोलतायत, त्यात घरच्यांची भर नको.

डॉ_भरतीओहोटी

नाव_नको, तुमचा प्रतिसाद मी आमच्या ज्युनिअर्सना वाचायला देणार, परवानगी आहे असं धरतो.

एक भर टाकतो. घरातल्या बोलण्याचा अभ्यास लंडनमध्ये फार आधीपासून झालाय. दवाखान्यातून घरी गेलेल्या पेशंटपैकी ज्यांच्या घरात सतत टोमणे, राग, किंवा अति काळजीने पाठीपाठी फिरणं होतं ते जास्त वेळा परत आजारी पडले. चंडीगडला १९८० च्या दशकात तोच अभ्यास केला तेव्हा आपल्याकडे अशी टोमण्यांची घरं कमी निघाली. तेव्हा बाबांचं 'घराबाहेर हो' बंद करणं हा उपचाराचाच भाग समजा.

आणि गोळी किती दिवस? पहिल्या झटक्यानंतर बरं वाटायला लागल्यावरही किमान एक ते दोन वर्षं, पुढचं डॉक्टर बघून ठरवतात. पहिल्या झटक्यातून बरे झालेल्यांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, त्यात पाच वर्षांत १०० त ८० हून जास्त जण पुन्हा आजारी पडले, आणि गोळी सोडलेल्यांना धोका पाचपट होता. रोजच्या गोळीची कटकट होत असेल तर दोन-चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं मिळतात, विचारा.

'बरं होतं का' याचं उत्तर मी ओपीडीत असं देतो की काही जण पूर्ण सावरतात, बरेच जण गोळीवर राहून कामधंदा करतात, काहींना आयुष्यभर आधार लागतो, आणि तुमचा मुलगा कुठल्या गटात हे पहिल्या वर्षी कुणालाच सांगता येत नाही. लवकर उपचार सुरू झालेल्यांचं बरं चालतं हे मात्र नक्की. एक गोष्ट स्पष्ट सांगतो, लांबवत नाही: या आजारात आत्महत्येचा धोका खरा आहे, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, भास कमी होऊन 'आपल्याला काय झालंय' हे कळायला लागतं तेव्हा. जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोलला, किंवा आवाज त्याला तसा हुकूम देतायत असं म्हणाला तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना. रात्रीअपरात्री १४४१६, टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सुरंगी_वळेसार

सगळ्यांचे आभार, नाव_नको तुमचे सगळ्यात जास्त. बाबांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत पण संध्याकाळी माडीवर जाऊन त्याला विचारून आले की झोप लागते का. (आवाज पोलिस चौकशीसारखाच होता, पण असो.)

झोप लागतेय आता. मोबाईल अजून डब्यातच आहे पण मध्ये एकदा काढून क्रिकेटचा स्कोअर बघितला. आगळ, तुम्ही लिहिलंत ती पायांची तगमग अगदी तशीच आहे, ओटीवर येरझारा घालतोय, आम्ही समजत होतो आजारच वाढला. तारीख पंधरा दिवसांनी आहे, थांबू का? आणि वरचे काकाच म्हणतायत माझी रिक्षा घेऊन जा, वाद वादाच्या जागी. आईला बरं वाटलंय त्याचं.

डॉ_भरतीओहोटी

थांबू नका, येत्या ओपीडीला जा, तारखेआधी आलात म्हणून कुणी परत पाठवत नाही. तगमग असह्य असते, त्या त्रासाने माणसं गोळी सोडतात किंवा भलतंच काही करून बसतात. जाताना केसपेपर आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या, आणि तगमग गोळी सुरू केल्यावर कधी लागली ते लिहून न्या.

काकांची रिक्षा मात्र नको!! काका मनाने कितीही चांगले वागत असले तरी त्याच्या हिशेबात तेच त्याला कुठेतरी घेऊन चाललेत. अर्ध्या रस्त्यात उडी मारेल.

घाडीवाडो

खंयच्या गावातसून निघतलास ता सांगा, माज्या मेव्हण्याची गाडी आसा, सकाळी ओरोसाकच, जिल्ह्याच्या ठिकाणाक, जाता.

मुंबई_गोवा_हायवे

थोडं अवांतर. माझ्या बहिणीला हाच आजार आहे, बारा वर्षं झाली, नोकरी टिकत नाही. कुणी म्हणतं अपंगाचा दाखला मिळतो. मानसिक आजाराला मिळतो का खरंच?

खाडीपलीकडे

मिळतो. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत त्यात मानसिक आजार आहे. ऑनलाइन यूडीआयडीला (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यातलं बोर्ड बघतं: स्वतःचं आवरणं, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं, काम, आणि आजार किती वर्षांचा, यावर मार्क देतात. ४०% किंवा त्याच्या वर आलं तर योजना लागू होतात. भावाच्या वेळी जुने केसपेपर नसल्याने आमचं अडलं होतं, बोर्डाला आजार किती वर्षांचा ते कागदावर लागतं, तोंडी चालत नाही. त्यामुळे बहिणीचे पहिल्यापासूनचे कागद शोधा, डॉक्टर बदलले असतील तर त्या-त्या दवाखान्यातून उपचाराचा दाखला मागा. तहसीलला संजय गांधी निराधारची चौकशी पण करून ठेवा, उत्पन्नाचा दाखला लागेल. आणि बोर्डाच्या दिवशी बहिणीला चांगली साडी नेसवून, केस विंचरून, 'नीट बोल हं' असं पढवून नेऊ नका. आमच्या आईने नेमकं तेच केलं होतं आणि बोर्डाने ३०% दिले.